फुलपाखरांच्या भेटीला

सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती गाडी, तिच्या मागून जेवणाच्या डब्यांची चळत, आणि सर्वांच्या शेवटी, जिथे जावयाचे ते स्थळ. वर्षातून एखाद्या वेळी असे लांबचे ठिकाण पाहून येण्यात गैर काही नाही. तथापि जिला फारसा खर्च नाही, जिच्यासाठी गावाच्या शिवेपलीकडे दूर जावे लागत नाही, आणि जिच्यात आजोबांपासून शाळकरी नातवापर्यंत सर्वांना सारखाच वाव आहे, अशा एका सहलीविषयी आज आम्ही आमच्या वाचक कुटुंबांशी बोलणार आहोत. ही सहल फुलपाखरे आणि पतंग पाहण्याची.

"त्यात पाहावयाचे ते काय? परसात रोज उडतात," असे कोणी म्हणेल. परंतु रोज दिसणे आणि एकदा तरी नीट पाहणे या दोहोंत फार अंतर आहे. आपल्या देशात फुलपाखरांच्या १,३०० हून अधिक जाती आहेत. त्यांतील ३३० हून अधिक एकट्या पश्चिम घाटात आढळतात. पतंगांच्या जाती तर १०,००० च्याही वर जातात. यांपैकी दहांची तरी ओळख आपल्यातील किती जणांना आहे? गोठ्यातल्या प्रत्येक गुराला नावाने हाक मारणारा मुलगा फुलपाखरांना 'पिवळे' आणि 'काळे' या दोन नावांवर भागवितो. हा दोष त्याचा नव्हे. त्याला कोणी दाखविलेच नाही.

गेल्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या सुट्टीत, खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटी आणि कणकुंबी यांच्या दरम्यानच्या एका खेड्यातील चार कुटुंबांसमवेत आम्ही असा एक दिवस काढला. हा मुलूख अतिवृष्टीचा. मलप्रभेचा उगम इथलाच. पाऊस नुकताच ओसरलेला असतो, रान हिरवे असते, ओढे वाहते असतात आणि ऊन कडक झालेले नसते. फुलपाखरे पाहावयास याहून चांगला काळ नाही. शेजारी भीमगडचे अभयारण्य आहे. ते २०११ साली घोषित झाले. त्याच्या हद्दीत शिरावयाचे तर वनखात्याची परवानगी लागते. पण आम्हांस तिथे जाण्याची गरजच पडली नाही. गावचे परस, शेताचे बांध, ओढा आणि गावाला लागून असलेले रान, एवढ्यावरच दिवस पुरला नाही.

सामान थोडेच होते. एक वही, पेन्सिल, एक भिंग, डोक्याला टोपी, पिण्याचे पाणी, आणि रात्रीसाठी एक पांढरी चादर व दिवा. जाळी कोणाच्याही हाती नव्हती. मुलांना आम्ही एकच नियम सांगितला होता: पाहावे, मोजावे, लिहावे, पण पंखाला बोट लावू नये. फुलपाखरू धरले असता बोटांना जी रंगीत पूड लागते ती पूड नसून खवले असतात. घरावर जशी कौले एकावर एक बसविलेली असतात, तसेच हे खवले पंखावर ओळीने बसविलेले असतात. पंखांवरील सर्व नक्षी त्यांचीच. घराचे कौल फुटले तर आपण नवे आणून बसवितो. फुलपाखराला ती सोय नाही. गेलेला खवला पुन्हा उगवत नाही.

सकाळी सात वाजता आम्ही बाहेर पडलो तेव्हा एकही फुलपाखरू उडत नव्हते. मुले हिरमुसली. पण हाच पहिला धडा होता. फुलपाखराच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. ऊन अंगावर घेऊन अंग तापल्याखेरीज त्याला नीट उडता येत नाही. पहाटे ते पानाखाली पंख मिटून बसलेले असते. साडेआठच्या सुमारास ऊन बांधावर उतरले, आणि गवताच्या पात्यांवर एकेक पंख उघडू लागले. ज्यांना फुलपाखरू जवळून पाहावयाचे आहे त्यांनी ही वेळ साधावी. उन्हाला पाठ देऊन बसलेले फुलपाखरू हातभर अंतरावरूनही पाहू देते. आपली सावली मात्र त्याच्यावर पडू देऊ नये. सावली पडताच ते उठते.

खरी शाळा भरली ती एका घराच्या परसात. त्या घरच्या मावशींनी दोन वर्षांपूर्वी लिंबाचे एक रोप लावले होते. त्याची कोवळी पालवी पार खाल्ली गेली होती. मावशी म्हणाल्या, "तुम्ही पाहायला आलात ते हेच पाखरू ना? मग हे पाहा त्याचे काम. आज दुपारी औषध मारायचे ठरवले आहे मी."

मुले आमच्याकडे पाहू लागली. आम्ही उपदेश केला नाही. भिंग मावशींच्या हाती दिले आणि पालवीच्या टोकाशी असलेला मोहरीच्या दाण्याहून लहान असा एक फिकट पिवळा मणी दाखविला. ते अंडे होते. मादी लिंबाचे पान कसे ओळखते? ती पानावर उतरून पुढच्या पायांनी ते थोपटते, आणि त्या पायांनीच तिला पानाची चव कळते. चव पटली तरच ती अंडे घालते. दुसऱ्या पानावर एक अळी होती, काळपट आणि पांढऱ्या डागांची. हुबेहूब पाखराची विष्ठाच जणू! चिमणीने पाहिली तरी ती खाण्याची वस्तू म्हणून तिच्या ध्यानात येऊ नये, हा तिचा बचाव. चार वेळा कात टाकून ती मोठी झाली की रंग पालटून पानासारखी हिरवीगार होते. तशी एक हिरवी अळी मावशींच्या मुलाने काडीने हळूच डिवचली, तेव्हा तिच्या डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुबेळके शिंग बाहेर आले आणि आंबूस, उग्र असा वास सुटला. मूल दचकून मागे सरले, आणि सर्वांना हसू लोटले. शेजारच्या फांदीला एक कोश होता. कमरेला रेशमाचा एक बारीक दोर बांधून तो टेकून उभा होता, माडावर चढलेल्या माणसासारखा. अंड्यापासून पाखरापर्यंतचा हा सारा प्रवास सुमारे एका महिन्याचा.

मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी रोपावरच्या अळ्या मोजल्या. सात निघाल्या. त्या सातही अळ्या, त्या बसल्या होत्या त्या पानांसकट, त्यांनी मागील दारच्या जुन्या लिंबावर नेऊन ठेवल्या. "पाहुणा आला तर त्याला उपाशी ठेवत नाहीत," त्या म्हणाल्या. "पण माझ्या लेकराच्या ताटातले काढून नको. त्याचे पान वेगळे मांडते."

आम्हांस वाटते, फुलपाखरांविषयी जे सांगावयाचे ते या एका वाक्यात आले. लिंबाची बाग हेच ज्याच्या पोटाचे साधन आहे, किंवा ज्याची रोपवाटिका आहे, त्याला या अळीचा खरोखरच उपद्रव होतो, आणि त्याने बंदोबस्त करू नये असे कोणी म्हणणार नाही. पण आपल्या परसातले एक लिंबू, एक कढीलिंब, एक बेल यांची चार पाने गेली तर कोणाचे घर बुडत नाही. अळी नको आणि फुलपाखरू मात्र हवे, असे होत नाही. जो अळीला पान देतो, त्याच्याच दारी फुलपाखरू उडते.

तेथून आम्ही शेताच्या बांधावर गेलो. तिथे रुईची झुडपे होती. रुईचा चीक गुरे तोंडाला लावीत नाहीत, पण केशरी पंखांच्या 'प्लेन टायगर' फुलपाखराची अळी तीच पाने आवडीने खाते. पांढऱ्या, काळ्या व पिवळ्या पट्ट्यांची ही अळी लपत नाही. पानाच्या मध्यभागी उघड बसते. तिला भय नाही, कारण रुईतील विष तिच्या अंगात मुरते, आणि पुढे पाखरू झाल्यावरही कायम राहते. ज्या पक्ष्याने एकदा ते चाखले तो पुन्हा केशरी पंखांच्या वाटेस जात नाही. मौज अशी की याच भीतीचा फायदा दुसरे एक फुलपाखरू घेते. 'डॅनाइड एगफ्लाय' या जातीचा नर काळा, त्यावर पांढरे ठिपके. पण मादी मात्र हुबेहूब प्लेन टायगरसारखी. तिच्या अळीचे खाद्य म्हणजे आपण ज्याची भाजी करतो ती घोळ. अंगात विष नाही, पण वेष विषारी शेजाऱ्याचा!

वेषांतराची ही युक्ती हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने ॲमेझॉनच्या अरण्यातील फुलपाखरांवरून प्रथम उलगडून सांगितली. त्याचा निबंध १८६२ साली प्रसिद्ध झाला. पण तिचा दाखला पाहावयास ॲमेझॉनला जाण्याचे कारण नाही. आपल्या कढीलिंबावर वाढणारे 'कॉमन मॉर्मन' हे काळे फुलपाखरू घ्या. त्याची मादी पुष्कळदा 'कॉमन रोझ' नावाच्या विषारी फुलपाखराचे रूप घेते. काळे पंख, त्यावर पांढरे आणि तांबडे डाग, सारे तेच. ओळखावयाचे कसे? अंगाकडे पाहावे. खऱ्या रोझचे अंग तांबडे असते, सोंग घेतलेल्या मॉर्मनचे काळे. हे सांगितल्यावर मुलांनी त्या दिवशी मोजून सहा रोझ आणि चार मॉर्मन वहीत टिपली, आणि प्रत्येकासाठी भांडण केले.

अकराच्या सुमारास ओढा गाठला. पाण्याच्या कडेला, जिथे गुरे उतरतात त्या ओल्या वाळूवर, पिवळी, पांढरी आणि निळ्या पट्ट्यांची शेकडो फुलपाखरे दाटीने बसली होती. तहान लागली म्हणून नव्हे. ती चिखलातील क्षार शोषून घेत होती. ही पंगत बहुतेक नरांची असते. फुलांच्या मधात साखर पुष्कळ, पण मीठ नाही. नर ते मीठ गोळा करतो आणि मीलनाच्या वेळी मादीला देतो. ते पुढे अंड्यांच्या उपयोगी पडते. लग्नाच्या आधी संसाराची शिदोरी जमविणे म्हणतात ते हेच. अशा पंगतीजवळ धावत जाऊ नये. वाळूवर दहा हात दूर बसावे आणि बसल्या बसल्याच पुढे सरकावे. आमच्यातील एक आजोबा असे सरकत थेट तीन हातांवर जाऊन बसले, आणि तरुण मंडळी मात्र मागेच राहिली.

ओढ्यापलीकडे रान सुरू होते. तिथे रानाच्या कडेला खुळखुळ्याच्या झुडपांवर काळी, निळसर ठिपक्यांची फुलपाखरे लोंबकळत होती. ही 'ब्लू टायगर' मंडळी आणि त्यांचे भाऊबंद पावसाळ्याच्या आगेमागे पश्चिम घाट आणि पूर्वेकडील मैदाने यांच्या दरम्यान मोठ्या संख्येने प्रवास करतात. खुळखुळ्यातील एक कडू द्रव्य त्यांच्या नरांना हवे असते. ते मिळावे म्हणून ते वाळलेल्या फांद्याही चोखतात.

आणि मग, साडेबारा वाजता, आमच्या डोक्यावरून झाडांच्या शेंड्यांपाशी एक पाखरू संथपणे गेले. पुढचे पंख काळेभोर, मागचे सोनेरी पिवळे. एका मुलाने "पक्षी!" म्हणून बोट दाखविले. त्याचे काही चुकले नाही. इंग्रजांनीही त्याच्या नावात पक्षी घातला आहे. ते 'सदर्न बर्डविंग' होते, दक्षिण भारतातील सर्वांत मोठे फुलपाखरू. त्याच्या पंखांचा विस्तार १९ सेंटिमीटरपर्यंत भरतो. २०२० पर्यंत सबंध देशात हेच सर्वांत मोठे मानले जात असे. त्या वर्षी हिमालयातील 'गोल्डन बर्डविंग' जातीच्या एका मादीने चार मिलिमीटरांनी हा मान घेतला. कर्नाटकाने सदर्न बर्डविंगला आपले राज्यफुलपाखरू ठरविले आहे. महाराष्ट्राने २०१५ साली हा मान मखमली काळ्या आणि निळ्या पंखांच्या 'ब्लू मॉर्मन'ला दिला. मराठीत त्याला नीलवंत किंवा राणी पाकोळी म्हणतात.

हे एवढे मोठे पाखरू, पण त्याचे सारे आयुष्य एका वेलीवर टांगलेले आहे. ती वेल म्हणजे ईश्वरी, हिलाच काही भागांत सापसन म्हणतात. बर्डविंगची अळी या वेलीच्या कुळाशिवाय दुसरे काही खात नाही. कॉमन रोझचेही तसेच. गावातील एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस सांगितले की, त्यांच्या लहानपणी ही वेल कुंपणाकुंपणावर होती. पुढे औषधाकरिता तिची मुळे खणून नेली गेली आणि कुंपणेही तारेची झाली. इथे थोडे विषयांतर करून एक गोष्ट बजावून सांगणे आम्हांस अवश्य वाटते. सर्पदंशावर ईश्वरी देण्याची जुनी समजूत अजून काही घरांत आहे. तिने साप उतरत नाही. साप चावलेल्या माणसाला एक क्षणही न दवडता रुग्णालयात न्यावे. शिवाय या कुळातील वनस्पतींत असलेले एक आम्ल माणसाच्या मूत्रपिंडांना घातक असल्याचे आता सिद्ध झाले आहे. तेव्हा ती वेल पाखरांसाठीच राहू द्यावी. त्यांना ती मानवते, आपल्याला नाही.

दुपारी जेवण आणि विश्रांती. भर उन्हात फुलपाखरेही सावली धरतात. चार वाजल्यानंतर आम्ही भाताच्या शेतांकडे वळलो. पीक पिवळे पडू लागले होते. सूर्य मावळता मावळता वाळक्या पानासारखी दिसणारी तपकिरी पाखरे बांधावरून खालून खालून उडू लागली. ही 'ईव्हनिंग ब्राउन'. हिची अळी भाताची आणि गवताची पाती खाते, आणि पाखरू संध्याकाळचे बाहेर पडते. पंख मिटून जमिनीवर बसले की ते पाचोळ्यात असे मिसळते की, जिथे बसलेले पाहिले तिथेच ते सापडू नये. दिवसाचे फुलपाखरू आणि रात्रीचा पतंग यांच्या सीमेवर उभे असलेले हे पाखरू आहे.

फुलपाखरू आणि पतंग यांतील भेद मुलांनी विचारलाच. दोघे एकाच घराण्यातले. सामान्यतः फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. फुलपाखरू विसावताना पंख पाठीवर उभे मिटते. पतंग ते घराच्या छपरासारखे उतरते किंवा पसरून ठेवतो. फुलपाखराचा कोश उघडा, तर पुष्कळशा पतंगांचा कोश रेशमात गुंडाळलेला. अपवाद पुष्कळ आहेत, पण मिशांची खूण सहसा चुकत नाही.

रात्री आठ वाजता अंगणात दोन बांबूंना पांढरी चादर ताणून बांधली आणि तिच्यापुढे दिवा लावला. अर्ध्या तासात चादर भरून गेली. पानासारखे हिरवे, झाडाच्या सालीसारखे करडे, वाघासारखे पट्टेरी, तर काही तांदळाच्या कण्यांएवढे. एका मुलीने पंचवीसपर्यंत निरनिराळे मोजले आणि मग वही मिटली. वीतभर पंखांचा 'ॲटलस' पतंग त्या रात्री आम्हांस लाभला नाही. तो सह्याद्रीत आढळतो. पाखरू झाल्यावर त्याला तोंडच चालत नाही. अळीपणी जे खाल्ले त्यावर एक-दोन आठवडे जगतो, जोडीदार शोधतो, आणि संपतो.

जोडीदार शोधावयाचा तो वासाने. पतंगाच्या मादीचा गंध नराला फार दूरवरून लागतो. त्याच्या पिसासारख्या मिशा त्यासाठीच आहेत. आडॉल्फ बूटेनांट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९५९ साली रेशमाच्या पतंगाच्या मादीचे हे गंधद्रव्य प्रथम वेगळे करून दाखविले. त्याकरिता सुमारे ५,००,००० माद्या लागल्या, आणि हाती आले ते काही मिलिग्रॅम! एवढ्याशा गंधावर एका कुळाचा वंश चालतो.

दिव्यावर झेप घेणाऱ्या पतंगाला कवींनी वेडा प्रेमिक ठरविले आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने त्याचे कारण साधे असल्याचे दाखविले. रात्रीच्या काळोखातही वरची बाजू, म्हणजे आकाश, खालच्यापेक्षा उजळ असते. त्या उजेडाकडे पाठ ठेवली की आपण सरळ उडत आहोत हे कीटकाला कळते. लाखो वर्षे ही खूण पुरली. पण जवळच दिवा लागला की पतंग त्याच्याकडे पाठ करावयास पाहतो, कलंडतो, वळतो, पुन्हा वळतो, आणि त्याच्याभोवती फिरत राहतो. तो दिव्यावर भाळलेला नसतो; त्याची वाट चुकलेली असते. म्हणूनच तासाभराने आम्ही दिवा मालविला आणि चादर हलकेच झटकली. रात्रभर तो तसाच ठेवला असता, तर दमून बसलेल्या पतंगांवर पहाटे पाखरांनी ताव मारला असता.

पतंगांविषयी आपल्या लोकांत एक भय आहे. तिळाच्या आणि वांग्याच्या पानांवर वाढणाऱ्या एका मोठ्या पतंगाच्या पाठीवर माणसाच्या कवटीसारखी खूण असते. धरला असता तो चीत्कारतो, आणि मध चोरण्यासाठी मधमाश्यांच्या पोळ्यातही शिरतो. तो घरात आला की कोणी तरी जाणार, अशी समजूत अनेक देशांत होती. ती निव्वळ अंधश्रद्धा होय. तो बिचारा दिव्यामुळे वाट चुकून आलेला असतो. त्याला भांड्याखाली झाकून बाहेर सोडावे, आणि मुलांदेखत सोडावे, म्हणजे भीती पुढच्या पिढीत जाणार नाही. त्याच्याच कुळातील पतंग संध्याकाळी पपईच्या नराच्या झाडावरून मादीच्या झाडावर पराग नेतात. आपल्या परसातली पपई धरते, त्यात त्यांचा हात आहे. भाताचा खोडकिडा हीही एका पतंगाचीच अळी आहे, हे आम्ही विसरलो नाही. पण एका चोरासाठी साऱ्या गावाला कोणी शिक्षा करीत नाही.

आता मुख्य मुद्दा. फुलपाखरांचे रक्षण म्हटले की लोकांना अभयारण्ये आणि कायदे आठवतात. ते आवश्यकच आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फुलपाखरांच्या अनेक जातींना संरक्षण दिले आहे, आणि काचेत जडविलेली पाखरे विकत घेऊन भिंतीवर टांगणे हा शौक आता कोणी धरू नये. पण त्या दिवशी आम्ही जी पाखरे पाहिली, त्यांतील बहुतेकांचे भवितव्य कुंपण, बांध, परस आणि ओढ्याचा काठ यांवर अवलंबून आहे. आणि या जागा सरकारच्या नाहीत. त्या आपल्या आहेत. बांधावरची रुई उपटावयाची की राहू द्यावयाची, डोंगरावरचे गवत पेटवावयाचे की नाही, लिंबावर औषधाचा पंप चालविण्यापूर्वी एकदा पान उलटून पाहावयाचे की नाही, हे ठरविणारे आपणच. अळी नाहीशी झाली तर केवळ फुलपाखरू जात नाही. चिमणी आपल्या पिलांना भरविते ती अळीच. अंगणातले पाखरू आणि घरट्यातले पाखरू दोन्ही एकाच पानावर जगतात.

आमच्या वाचकांपैकी ज्यांना सह्याद्री जवळ आहे त्यांनी आंबोली, चोर्ला घाट, किंवा गोव्यातील मोले आणि बोंडला या बाजूंस असा एक दिवस अवश्य काढावा. बडोद्याकडील कुटुंबांना जांबुघोडा आहे, इंदूरकरांना राळामंडळ, हैदराबादकरांना विकाराबादनजीकचे अनंतगिरीचे डोंगर. पण तेही न जमले तरी बिघडत नाही. रुई, लिंबू, कढीलिंब आणि बहावा ही झाडे या सर्व गावी आहेत. मळ्यात नारळ असेल तर त्यावर 'पामफ्लाय', आंब्यावर 'बॅरन', बहाव्यावर फिकट पिवळे 'एमिग्रंट' यांच्या अळ्या सापडतील. आंब्यावरची बॅरनची अळी तर पानाच्या मधल्या शिरेवर अशी बसते की डोळ्यांपुढे असून दिसत नाही. शहरातल्या सज्जात पानफुटीची एक कुंडी ठेवली तर लाल, काळे आणि पांढरे असे 'रेड पिएरो' नावाचे चिमुकले पाखरू तिथेही येते. त्याची अळी पानफुटीच्या जाड पानाच्या आत शिरून, आतला गर खात वाढते.

प्रत्येक घरी एक वही असावी असे आम्ही सुचवितो. तारीख, वेळ, जागा, पाखराचा रंग, आणि ते कोणत्या झाडावर होते, एवढेच लिहावे. नाव ठाऊक नसले तरी चालेल, चित्र काढावे. एका वर्षाने ती वही उघडली की कोणत्या महिन्यात कोण पाहुणे येतात याचे पंचांगच तयार झालेले दिसेल. चार वर्षांनी उघडली तर कोण येईनासे झाले तेही कळेल, आणि हे दुसऱ्या कोणा शास्त्रज्ञाला सांगता येणार नाही, कारण त्याने तुमचे परस पाहिलेले नाही.

आज संध्याकाळी कढीलिंबाची पाने तोडावयास जाल, तेव्हा फांदी ओरबाडण्यापूर्वी ती एकदा उलटी करून पाहा. मुलांना बरोबर न्या. तिथे कोणी जेवत बसलेले असेल, तर पलीकडची फांदी तोडा.